हलगी रेकॉर्ड करताना गेन कुठं ठेवायचा?

कोल्हापुरी हलगी-घुमकं रेकॉर्ड करताना गेन (माइकचा सिग्नल किती वाढवून घ्यायचा ते) लावायचा तो वादक पूर्ण रंगात आल्यावर, सुरुवातीच्या हलक्या ठेक्यावर नव्हे. २४ बिटवर पीक मीटर (क्षणाक्षणाची सर्वोच्च पातळी दाखवणारा) उणे १२ ते उणे ८ डीबीएफएसपर्यंत (यात शून्य म्हणजे डिजिटल रेकॉर्डिंगची कमाल मर्यादा) गेला की पुरे. व्हीयू मीटरवर, म्हणजे सरासरी पातळी दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरवर, विसंबू नका. त्याचा काटा चढायला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात आणि हलगीचा फटका त्याआधीच संपलेला असतो. काटा निवांत, ट्रॅक मात्र फाटलेला! इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीचा) लाल दिवा लागला तर सॉफ्टवेअरमधला फेडर (आवाजाची सरकपट्टी) ओढून उपयोग नाही, गेनच कमी करा. लाउडनेस मीटर (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजणारा) मिक्स झाल्यावर: गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून इंटिग्रेटेड, म्हणजे अख्ख्या गाण्याचा एकत्रित, आकडा बघा. स्पॉटिफायसाठी तो उणे १४ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) ठेवा, ट्रू पीक (प्रत्यक्ष वाजताना गाठली जाणारी सर्वोच्च पातळी) जास्तीत जास्त उणे १ डीबी.