गर्भनिरोधक गोळ्या, कोलेस्टेरॉल आणि हार्ट : या चुका टाळा

माझं मेडिकल आहे, आणि इतकी वर्षं काउंटरला उभी राहून त्याच त्याच चुका बघतेय, म्हणून आज लिहूनच टाकते.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांवर. गौरी-गणपती आले, घरात लग्न निघालं की चिठ्ठी नाही काही नाही, "ताई, ती पाळीची गोळी द्या". दोन वर्षांपूर्वी गौरीच्या आधी एक बाई आल्या, मी म्हटलं आधी डॉक्टरांना दाखवा, तर रागावून गेल्या आणि दुसरीकडून घेतल्या. आठवड्याभराने त्यांचे मिस्टर क्रेप बँडेज मागायला आले, म्हणाले उभं राहून राहून हिचा पाय सुजलाय. मी विचारलं दोन्ही पाय का एकच? एकच, डावा, पोटरी दगडासारखी आणि हाताला गरम लागतेय. बँडेज दिलंच नाही, तसंच डॉपलर (शिरांमधलं रक्त वाहतंय का बघायची सोनोग्राफी) करायला पाठवलं, आणि शिरेत गुठळी निघाली! ती फुफ्फुसात गेली असती तर काय झालं असतं विचारही करवत नाही. नंतर कळलं, त्यांच्या आईलाही बाळंतपणानंतर अशीच गुठळी झाली होती, पण हे कुणी विचारलंच नव्हतं.

ही पाळी पुढे ढकलायची गोळी नॉरएथिस्टेरॉन नावाच्या हार्मोनची, दिवसाला तीन वेळा घेतात, आणि त्यातला थोडा भाग शरीरात एथिनिल एस्ट्राडिऑल होतो, म्हणजे माला-डी या गर्भनिरोधक गोळीत असतं तेच एस्ट्रोजेन हार्मोन, ज्याने रक्त गोठायची शक्यता वाढते. सगळ्यांना असं होत नाही, पण घरात कुणाला गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. जावेच्या उरलेल्या स्ट्रिपमधली तर मुळीच घेऊ नका.

दुसरी चूक, बीपी न मोजता गर्भनिरोधक गोळ्या चालू करणं. बायका येतात लिपिड प्रोफाइलची (रक्तातल्या चरबीच्या तपासणीची) फाइल घेऊन, कोलेस्टेरॉल वाढेल का विचारतात, आणि बीपी शेवटचं कधी मोजलं ते आठवत नाही. अहो, तब्येत चांगली असेल तर गोळीआधी लिपिड टेस्ट सक्तीची नसते, बीपी मात्र बघावंच लागतं. १६०/१०० च्या वर असेल तर एस्ट्रोजेनवाली गोळी द्यायचीच नाही, आणि पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या बाईलाही नाही. डोळ्यापुढे चमकणाऱ्या रेघा येऊन मग अर्धशिशी उठते त्यांनाही नाही, कारण स्ट्रोकची भीती असते. माझी सवय अशी की नवीन गोळी मागितली की आधी खुर्चीत बसवते, पाच मिनिटं शांत बसू देते आणि मगच मशीन लावते. घाई असलेल्यांना हे आवडत नाही, चालेल मला. तंबाखू खाता का विचारलं की नाही म्हणतात, मिश्री लावता का विचारलं की हो! मिश्री तंबाखूच आहे, डॉक्टरांना सांगा.

आता कोलेस्टेरॉल. एस्ट्रोजेन एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) वाढवतं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) थोडं कमी करतं, आणि गोळीतलं दुसरं हार्मोन, म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेलसारखं प्रोजेस्टिन, एचडीएल खाली ओढतं, म्हणून फरक गोळीगोळीवर ठरतो. ट्रायग्लिसराइड आधीच ५०० च्या वर असतील तर मात्र गोळी चालेल का हे डॉक्टरांना नीट विचारा, स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते.

रिपोर्टमध्ये एलडीएल वाढलेलं दिसलं की मनानेच गोळी बंद करू नका. थायरॉइड कमी असला तरी वाढतं, आधी तो तपासा. आणि गरोदरपणात, त्याहून बाळंतपणानंतर, गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो, म्हणजे घाबरून गोळी सोडली आणि दिवस गेले तर उलटंच झालं. हार्मोन नकोच असतील तर कॉपर-टी आहे.

पाळी गेल्यावर एलडीएल वाढतं, तेव्हा हार्टसाठी म्हणून हार्मोनच्या गोळ्या मागणाऱ्याही येतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात एस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या बायकांना हार्ट अटॅक आणि स्ट्रोक कमी नाही, जास्त झाले. गरम वाफांसाठी डॉक्टर देतात ते वेगळं.