बाबांच्या उत्पन्नाचा आकडा कसा जुळला (माझा अनुभव)

बाबांना कानाचं यंत्र हवं होतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. (तेवढ्यात चांगलं यंत्र येत नाही, पण हातभार लागतो.) मुख्य अट ही की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत हवं. श्रावणबाळचा (वृद्धांना दरमहा पैसे देणारी सरकारी योजना) नाद आधीच सोडला होता. तिथली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० ची आणि बाबांची ईपीएसची (पीएफ कार्यालयाकडून मिळणारी) पेन्शनच महिना २,३४०, म्हणजे वर्षाला २८,०८०.

अर्जाला स्वयंघोषणापत्र चालतं, तरी आकड्याला आधार असावा म्हणून तहसीलचा दाखला काढायला घेतला. सेतूतल्या मुलाने पासबुक चाळलं आणि म्हणाला, "काका, तुमचं तर २ लाख ४१ हजार होतंय!"

घोळ एका नोंदीत होता. मुदत संपलेल्या एफडीचे २,१३,५०० त्याच वर्षी बचत खात्यात आले होते. एफडीची जुनी पावती पुढे ठेवली: मुद्दल २ लाख, व्याज १३,५००. मुद्दल ही बाबांचीच साठवण, ती उत्पन्न कशी होईल? व्याज तेवढं धरायचं. बँकेतून व्याजाचा दाखला आणून जोडला तेव्हा कुठे पटलं.

मग रेशनकार्ड. माझं बिऱ्हाड कधीचंच पुण्यात, पण गावच्या कार्डावर नाव तसंच, म्हणून माझा पगारही कुटुंबाच्या उत्पन्नात धरायला निघाले. पुरवठा शाखेत नाव कमी करून घेतलं. तलाठ्यांनी चौकशीत सातबाऱ्यावरच्या वीस गुंठ्यांचे १२,००० धरले, ते रास्तच होतं.

दाखला ५३,५८० चा निघाला.