टेकडीवरून आल्यावर गोचीड बघा

पुण्यातल्या तळजाई किंवा वेताळ टेकडीवर पहाटे कधी एखादा रानससा झुडपाखाली मलूल बसलेला दिसतो. कानाच्या कडेला नि डोळ्यांभोवती एरंडाच्या बीसारखे करडे दाणे लोंबत असतात. त्या रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडी. कितीही कळवळा आला तरी त्याला उचलू नका. माणसाचा हात लागला की ससा भेदरून जागीच दगावू शकतो. बरोबरचा कुत्रा आवरा, लांब उभं राहा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

खरं काम घरी आल्यावर. गोचिडीची पिल्लं सहा पायांची, मोहरीहून बारीक, गवताच्या टोकावरून कपड्यांवर चढतात. गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघा. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्याही सोडू नका. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा, मग जागा साबणाने धुवा. रॉकेल, तेल, उदबत्तीचा चटका अजिबात नको. डिवचलेली गोचीड पोटातला ऐवज जखमेत ओकू शकते.

पुढच्या दोन आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आपणहून सांगा.