पुण्यात ग्रुपने एक दिवस: सकाळी शनिवारवाडा, संध्याकाळी नाटक

आम्ही मामे-मावसभावंडं आणि त्यांची पोरंबाळं धरून चौदा जण असा दिवस दोनदा केला. पहिल्यांदा सकाळपासून जे दिसेल ते बघत सुटलो आणि नाट्यगृहात पोचलो तेव्हा पडदा वर गेलेला, अंधारात गुडघेदुखीवाल्या मावशीला पायऱ्या उतरवताना जीव नुसता खालीवर होत होता. म्हणून आता प्लॅन उलटा करायचा, आधी नाटकाचं तिकीट आणि मग तिसऱ्या घंटेपासून मागे मागे येत बाकीचा दिवस.

तिकिटं एकानेच आणि एकदमच काढायची, "आपापली काढा" म्हटलं की चौदा जण चौदा कोपऱ्यात. ज्येष्ठांना कडेच्या खुर्च्या द्या, इंटरव्हलला उठायला बरं पडतं. संध्याकाळचा प्रयोग घ्या, रात्री साडेनऊचा नको, दिवसभर चालून माणसं पेंगतात आणि नटांसमोर पेंगणं मला तरी फार वाईट वाटतं. नाटक बालगंधर्वला असेल असं धरून पुढचं सांगतेय. भरत नाट्य मंदिर किंवा टिळक स्मारकला असेल तर उत्तमच, पेठांमधून बाहेरच पडायला नको.

गाड्या आणू नका, पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते. मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरा. कसबा गणपतीला नमस्कार करून लाल महाल बघा, आत्ताची वास्तू महापालिकेने नंतर बांधलेली आहे, मूळ महाल राहिलेला नाही, हे मुलांना आधीच सांगा. पण १६६३ साली शिवाजी महाराजांनी शाइस्तेखानावर छापा घातला तो मूळ लाल महालातच, ती गोष्ट इथे उभं राहून सांगितली की पोरं डोळे मोठे करून ऐकतात.

तिथून शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. इथे ऊन चढायच्या आत जायचं, कारण आत सावली अशी नाहीच. बरेच जण आत जाऊन "इथे तर काहीच नाही" म्हणत दहा मिनिटांत बाहेर येतात, ते टाळायचं असेल तर दरवाज्यातच थांबून सगळ्यांना नीट सांगा की १० जानेवारी १७३० ला थोरल्या बाजीरावांनी पाया घातला आणि १८२८ च्या आगीत आतले लाकडी मजले जळून गेले, म्हणून आता जोती, तटबंदी आणि दरवाजे एवढंच दिसतं. मग तीच जोती बघताना माणसं आपोआप हळू चालतात. दिल्ली दरवाज्यावरचे खिळे हत्तीच्या धडकेसाठी आहेत ते दाखवा, हजारी कारंजाचं कमळ दाखवा, आणि नारायणरावांचा खून याच वाड्यात १७७३ मध्ये झाला ते मोठ्यांना सांगा, लहानांना भुताच्या गोष्टींनी घाबरवू नका. कोणी चुकलं तर भेटायची जागा बाहेर बाजीरावांच्या पुतळ्यापाशी.

पुढे बाजीराव रोडने चालत विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा, दर्शनी भागातलं सागवानी काम आणि सुरूच्या आकाराचे खांब रस्त्यावरूनही दिसतात, पंधरा मिनिटं खूप झाली.

वेळ द्यायचा तो राजा केळकर संग्रहालयाला, निदान दीड तास. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आयुष्यभर गावोगाव फिरून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. अडकित्ते, दिवे, कुलुपं, वाद्यं, शिवाय कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल. आमच्या आत्या अडकित्त्यांपाशी अर्धा तास उभ्या होत्या, असा अडकित्ता माझ्या आजीकडे होता म्हणत. जिने आहेत, गुडघेवाल्यांना खालचा मजला सावकाश बघू द्या, ओढू नका.

जेवणाला सदाशिव पेठेत थाळीवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून चौदा जण सांगून ठेवा, नाहीतर बाहेर तासभर. पैसे एकीने भरायचे, हिशोब रात्री ग्रुपवर.

जेवण झालं की कुठेतरी तासभर टेका, हे अजिबात गाळू नका. मग मंडईहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून संभाजी उद्यान, किंवा सरळ रिक्षा. जंगली महाराज रोडवर पाताळेश्वर लेणं आहे, साधारण आठव्या शतकातलं, खडकात कोरलेलं, समोर नंदीचा गोल मंडप. दिवसभराच्या गर्दीनंतर तिथे बसायला इतकं शांत वाटतं की मी हे ठिकाण मुद्दाम शेवटी ठेवते.

तिथून बालगंधर्व चालत जवळ. १९६८ पासूनचं हे रंगमंदिर, पहिल्या घंटेच्या अर्धा तास आधी पोचा, चहा, बटाटावडा, बाथरूम सगळं उरका, मोबाइल बंद करा (व्हायब्रेटवर पण नको, शेजारच्याला ऐकू येतं). सुटल्यावर गेटवर सगळे एकदम रिक्षा शोधतात, तेव्हा कोण कोणाबरोबर जाणार ते इंटरव्हललाच ठरवून ठेवा आणि ज्येष्ठांना पहिल्या रिक्षात बसवा.