उपमुख्यमंत्र्यांकडे निवेदन द्यायचे आहे? आधी खाते ओळखा

उपमुख्यमंत्री हे पद राज्यघटनेत नाही. कलम १६३ आणि १६४ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि इतर मंत्री एवढ्यांचाच उल्लेख आहे. शपथेचा नमुनाही मंत्र्याचाच. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: उपमुख्यमंत्री हा आधी मंत्री आहे, पदनाम ही निव्वळ ओळख आहे आणि अशी नेमणूक घटनाबाह्य ठरत नाही.

निवेदन घेऊन निघालेल्या माणसासाठी याचा अर्थ सरळ आहे. उपमुख्यमंत्र्यांची सही चालते ती त्यांच्याकडे असलेल्या खात्यांत. दुसऱ्या मंत्र्याच्या खात्यातल्या कामावर ते शिफारस करू शकतात, निर्णय देऊ शकत नाहीत. महाराष्ट्रात बहुतेक निवेदने अडतात ती इथेच: कागद मोठ्या माणसाकडे पोहोचतो, पण योग्य टेबलावर पोहोचत नाही.

खातेवाटप पाहा, आठवणीवर जाऊ नका

गोपीनाथ मुंडे, छगन भुजबळ आणि आर. आर. पाटील यांनी उपमुख्यमंत्री असताना गृहखाते सांभाळले, म्हणून हे पद म्हणजे गृहमंत्रिपद असा समज अजून आहे. डिसेंबर २०२४ च्या वाटपात गृह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडेच राहिले. एकनाथ शिंदे यांच्याकडे नगरविकास, गृहनिर्माण आणि सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम), तर अजित पवार यांच्याकडे वित्त व नियोजन आणि राज्य उत्पादन शुल्क अशी खाती गेली. वाटप मध्येच बदलू शकते. म्हणून निवेदन देण्याच्या आठवड्यात सामान्य प्रशासन विभागाची खातेवाटपाची ताजी अधिसूचना बघून घ्या.

कंसातला मजकूर सोडून वाचू नका. सार्वजनिक बांधकाम खाते महाराष्ट्रात दोन भागांत वाटलेले असते. रस्ते विकास महामंडळाचे द्रुतगती मार्ग ‘सार्वजनिक उपक्रम’ या भागात येतात, तालुक्याला जोडणारा राज्य मार्ग ‘सार्वजनिक उपक्रम वगळून’ या भागात. दोन्हींचे मंत्री वेगळे असतात.

रस्त्याच्या कामात आणखी एक पायरी आहे. आधी रस्त्याचा दर्जा शोधा. ग्रामीण मार्ग (ग्रामा) आणि इतर जिल्हा मार्ग (इजिमा) सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात, म्हणजे मंत्रालयात विषय ग्रामविकास विभागाचा. प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) आणि राज्य मार्ग (रामा) बांधकाम विभागाकडे. नगरपरिषदेचा स्वतःचा, तिच्या हद्दीतला रस्ता नगरविकासकडे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात रस्त्याचा क्रमांक मिळतो. तो न घेता लिहिलेले ‘आमच्या गावचा रस्ता करावा’ हे निवेदन मंत्रालयात तीन विभागांत फिरते आणि शेवटी जिल्हा परिषदेकडेच परत येते.

काही कामांना मंत्रालयाची वाटच लागत नाही. गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल तर राज्य उत्पादन शुल्कमंत्र्यांना सह्यांचे पत्र देण्यापेक्षा नियमातली पद्धत धरा. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज करता येतो, पडताळणीनंतर गुप्त मतदान होते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते दुकानाविरुद्ध पडली तर बंदी लागू होते. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्याहून जास्त. कित्येक गावांची मोहीम याच फरकामुळे हरते. सह्यांच्या दिवशी जेवढे कष्ट घ्याल, तेवढेच मतदानाच्या दिवशी बायकांना केंद्रावर आणण्यासाठी घ्या.

छोटी कामे, म्हणजे शाळेची खोली, स्मशानभूमीचे शेड, पाणंद, यांच्यासाठी पालकमंत्री कोण ते बघा. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात. उपमुख्यमंत्रीच तुमच्या जिल्ह्याचे पालकमंत्री असतील तर निवेदन त्या नात्याने द्या आणि प्रत जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना द्या.

निवेदनाचा कागद

एक विषय, एक पान. मायना असा: ‘मा. उपमुख्यमंत्री तथा मंत्री (नगरविकास), महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२’. खाते मायन्यातच आले की स्वीय सहायकाला कागद कुठे पाठवायचा ते वाचावे लागत नाही. विषयाच्या ओळीत गाव, तालुका, जिल्हा, रस्त्याचा किंवा गटाचा क्रमांक आणि लांबी लिहा. पहिल्या परिच्छेदात मागणी. अडचणीचे वर्णन त्यानंतर.

सोबत जोडायचे कागद: ग्रामसभेचा ठराव (तारीख आणि ठराव क्रमांकासह), अभियंत्याकडून घेतलेले अंदाजपत्रक, जागा लागणार असेल तर सातबारा, आधीच्या पत्रव्यवहाराच्या प्रती. ठरावाशिवाय दिलेली मागणी व्यक्तीची मानली जाते, गावाची नव्हे. अंदाजपत्रकाशिवाय दिलेल्या मागणीवर पहिला शेरा ‘अहवाल मागवावा’ असाच पडतो आणि दोनतीन महिने तिथेच जातात.

तीन प्रती काढा: एक मंत्री कार्यालयाला, एक संबंधित विभागाच्या सचिवांना, तिसरी पोचीसाठी. पोचीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हवा. हार घालतानाचा फोटो म्हणजे पोच नव्हे. दौऱ्यात, सभेच्या मंडपात हातात दिलेला कागद गठ्ठ्यात जातो. तिथे द्यायचाच असेल तर द्या, पण दुसऱ्या दिवशी तोच कागद टपालाने किंवा समक्ष विभागात नोंदवा. हे एवढे एक काम केले तरी निम्मी धावपळ वाचते, असे आमचे ठाम मत आहे.

शेरा म्हणजे आदेश नव्हे

निवेदनाच्या डोक्यावर शेरा मिळाला की लोक गावी जाऊन पेढे वाटतात. शेरा नीट वाचा. ‘तपासून सादर करावे’ याचा अर्थ विभागाने टिप्पणी तयार करून नस्ती (फाइल) पुन्हा मंत्र्यांकडे पाठवायची. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ म्हणजे नियमात बसत असेल तर करा, माझा स्वतंत्र निर्णय नाही. ‘मंजूर’ लिहिले तरी कलम १६६ नुसार शासनाचा आदेश राज्यपालांच्या नावाने निघावा लागतो. शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आणि संगणक संकेतांक असतो. तो क्रमांक हातात आला की निर्णय झाला समजा.

त्यानंतरही पैसा लागतो. आर्थिक भार असलेला प्रस्ताव वित्त विभागाच्या सहमतीशिवाय पुढे सरकत नाही. वित्त खाते सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्र्यांचे वजन त्या पदनामापेक्षा या सहमतीतून येते. अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास मांडला जातो आणि विभागांचे प्रस्ताव त्याआधी काही महिने वित्त विभागाकडे जातात, म्हणून फेब्रुवारीतले निवेदन त्या वर्षी सहसा बसत नाही. दिवाळीच्या आधी कागद विभागात हवा. हुकले तर पावसाळी किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांचा विचार करा. प्रशासकीय मान्यता मिळाली पण तरतूद नाही, अशी कामे वर्षानुवर्षे यादीत राहतात. म्हणून मान्यतेसोबत लेखाशीर्ष (पैसा अर्थसंकल्पातल्या कुठल्या शीर्षाखाली येणार ते) आणि तरतुदीची रक्कम विचारा.

पाठपुरावा

२००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार नस्ती एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. दुसऱ्या विभागाचा सल्ला लागत नसेल तर ४५ दिवसांत, लागत असेल तर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. हे बंधन कर्मचारी-अधिकाऱ्यांवर आहे, म्हणून पाठपुरावा मंत्री कार्यालयात नको, कार्यासनात (विभागात तो विषय हाताळणाऱ्या टेबलावर) करा. आवक क्रमांक सांगून कक्ष अधिकाऱ्याला नस्तीचा क्रमांक विचारा. पुढची सगळी विचारणा त्या क्रमांकावर.

उत्तर येत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचे न्यायालयीन शुल्क मुद्रांक, अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ‘काम का झाले नाही’ असे विचारू नका, कारण ‘का’ला उत्तर देणे बंधनकारक नाही. ‘अमुक नस्तीवरील टिप्पण्यांच्या प्रती द्याव्यात’ असे मागा. ३० दिवसांत माहिती मिळाली नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील.

मंत्री बदलले तर घाबरू नका, पण गाफीलही राहू नका. १९७८ मध्ये राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झालेले नाशिकराव तिरपुडे काही महिन्यांतच सरकारसोबत पायउतार झाले. गोव्यात १९ मार्च २०१९ रोजी शपथ घेतलेल्या दोन उपमुख्यमंत्र्यांपैकी सुदिन ढवळीकर त्याच महिन्यात आणि विजय सरदेसाई जुलैत मंत्रिमंडळाबाहेर गेले. मुख्यमंत्र्यांचा राजीनामा झाला की मंत्रिमंडळच जाते, उपमुख्यमंत्री आपोआप त्या खुर्चीवर बसत नाही. जुन्या मंत्र्यांच्या शेऱ्याला नवे मंत्री बांधील नसतात, पण विभागातली नस्ती जिवंत असते. नव्या मंत्र्यांना नवे निवेदन देताना जुना नस्ती क्रमांक संदर्भात टाका, म्हणजे तुमचा विषय पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होणार नाही.