चार पावसांत वर्ष काढायचे असेल तर

सोलापूर जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान 500 ते 550 मिलिमीटरच्या घरात आहे. पर्जन्यछायेतल्या या मुलखाला तूट नवी नाही; 1972च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून गावोगाव भेटतात. बदलला आहे तो पावसाचा स्वभाव. ऑक्टोबर 2020मध्ये अतिवृष्टीने भीमाकाठची गावे पाण्यात गेली, 2023च्या ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारल्याने उजनी धरण भरले नाही, आणि सप्टेंबर 2025मध्ये सीना नदीच्या पुराने काठावरची उभी पिके खरवडून नेली. म्हणून यापुढे सरासरी धरून नियोजन करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. हंगामातले तीन-चार मोठे पाऊस अडवणे आणि त्यांच्यामधला महिनाभराचा खंड सोसणे, ही दोन कामे साधली पाहिजेत.

सुरुवात मोजण्यापासून करावी. तालुक्याचा आकडा आपल्या शिवाराला लागू पडतोच असे नाही, कारण ओढ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ हे आपण दरवर्षी पाहतो. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा झाडापासून आणि भिंतीपासून दूर उघड्यावर ठेवावा, रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टी बुडवून पाणी मोजावे, वहीत लिहावे आणि डबा रिकामा करावा. एका एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी. 40 मिलिमीटरची एक जोरदार सर एका एकरावर 1 लाख 60 हजार लिटर टाकून जाते. 10,000 लिटरचे 16 टँकर बांधावरून ओढ्याला वाहून गेले असे डोळ्यांपुढे आणले, की पुढच्या खटाटोपाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

हे पाणी साठवण्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत स्वस्त जागा म्हणजे जमीन. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती ज्वारी भारी काळ्या रानात केवळ मुरलेल्या ओलीवर येते. रब्बीसाठी राखलेल्या अशा रानात पावसाळ्याच्या सुरुवातीलाच उताराला आडवी मशागत करून सारा यंत्राने किंवा बळीराम नांगराने चौकोनी कप्पे पाडावेत. उतार जास्त असेल तर कप्पे लहान, साधारण 6 मीटर लांब-रुंद, आणि रान सपाट असेल तर 10 मीटरपर्यंत ठेवता येतात. वरंबा वीतभर उंच असला तरी चालतो, मात्र तो सलग असला पाहिजे, कारण एका ठिकाणी फुटलेला वरंबा खालच्या सगळ्या रांगा फोडत जातो. पूर्वी एवढ्यावर भागत असे. आता एकाच रात्री 100 मिलिमीटर पडू शकतो हे गृहीत धरून रानाच्या खालच्या कोपऱ्यात दगडी सांडवा ठेवावा, म्हणजे जादा पाणी माती न नेता बाहेर पडेल.

पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, ओल पाहून करावी. त्यानंतरचे खरे काम कोळप्याचे, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती वरवर हलवणाऱ्या औताचे आहे. पहिली कोळपणी पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या आठवड्यात आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करावी. या तिसऱ्या कोळपणीला आळस करू नये, कारण तोवर काळ्या रानाला भेगा पडू लागलेल्या असतात आणि बोट आत जाईल एवढ्या भेगेतून खालच्या थराची ओल दिवसरात्र उडत असते. दातेरी कोळपे भुसभुशीत माती लोटून भेगेचे तोंड बुजवते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने शेतकरी म्हणतात.

शेततळ्याबद्दल थोडे स्पष्ट लिहावे लागेल. 30 मीटर लांब, तेवढेच रुंद आणि 3 मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार असलेल्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. ते वाहत्या पावसाने भरले तर खंडाच्या काळात एक-दोन संरक्षित पाणी देऊन पीक हमखास वाचवते. परंतु बोअर उपसून प्लास्टिकचे तळे भरायचे आणि ते उन्हाळाभर उघडे ठेवायचे, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात रोज 7 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी 900 चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसाला 6,300 लिटर पाणी उडून जाते. खडकाच्या सावलीत सुरक्षित असलेले पाणी आपण वीज जाळून उन्हात आणून ठेवतो. तळे डाळिंबासाठी असेल, तर निदान शेडनेटचे आच्छादन घालावे, ठिबक वापरावे आणि झाडाच्या आळ्यात पाचट किंवा भुसा पसरावा.

आपल्याकडचा काळा पाषाण स्वतः पाणी फारसे धरत नाही. पाणी असते ते वरच्या मुरमात आणि फटींत. त्यामुळे विहीर लवकर भरते आणि लवकर तळही गाठते. परतीचा पाऊस संपला की गाठी मारलेला दोर सोडून पाण्याची पातळी मोजावी आणि तिच्यावरच रब्बीचे व उन्हाळी पिकाचे क्षेत्र ठरवावे. उसाला नाही म्हणणे या जिल्ह्यात सोपे नाही, हे मान्य आहे. पण त्याचा निर्णय विहिरीच्या पातळीवरून घ्यावा, शेजाऱ्याच्या लावणीवरून नव्हे. विहिरीत ओढ्याचे पाणी सोडायचे असल्यास आधी मोठे दगड, मग खडी आणि वर वाळू अशा गाळण खड्ड्यातूनच सोडावे, नाहीतर गाळाने झरे बुजतात.

शहरातल्या घरांचा हिशेब वेगळा आहे. 100 चौरस मीटर गच्चीवर 500 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी वर्षाला 40,000 लिटर पाणी हाती येते. पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर काढणारी तोटी पन्हाळीला बसवावी आणि नंतरचे पाणी गाळून हौदात किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात न्यावे. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने आपल्याकडे आणखी एक सवय पडली आहे: नवे पाणी आले की हौदातले जुने पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत सोडून दिले जाते. झाकलेल्या, स्वच्छ हौदातले पाणी चार दिवसांत शिळे होत नाही. हौद आठवड्यातून एकदा घासायचा असेल तर पाणी येण्याच्या आदल्या दिवशी घासावा, आणि तळाचे पाणी फरशीला, संडासाला व झाडांना वापरावे. झाकण मात्र घट्ट बसणारे हवे, कारण डेंग्यूचा डास याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.