कसारा लोकलने आणलेलं शेवाळ

मुंबईत राहून घाटातल्या गोड्या पाण्यातल्या शैवालांवर प्रोजेक्ट किंवा पीएच.डी. करायची म्हटली की बहुतेक नवखे आधी तलाव शोधतात. मोठं पाणी म्हणजे मोठी यादी, असा हिशेब असतो. सह्याद्रीत हा हिशेब जमत नाही. तलावाचं पाणी जाळीतून गाळलंत तर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव, मिळेल, पण इथलं बरंचसं वैविध्य दगडांना, मॉसला, पाणवनस्पतींच्या देठांना चिकटून बसलेलं असतं.

कसारा किंवा कर्जतच्या बाजूचा एखादा ओढा घ्या. धारेतल्या दगडावर तपकिरी बुळबुळीत थर असतो, ते डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं. कडेच्या संथ पाण्यात हिरवे पुंजके, म्हणजे स्पायरोगायरा, इडोगोनियम आणि मंडळी. पाझरत्या कातळावर काळपट साय धरलेली असते, तिच्यात नील-हरित शैवाल. गर्द सावलीतल्या थंड, स्वच्छ धारेत नशीब असेल तर बॅट्रॅकोस्पर्मम सापडतं. ते लाल शैवालांच्या गटातलं, पण बहुधा लाल दिसतच नाही. उलट पावसाळी जंगलात खोडांवर जो भगवा थर दिसतो तो ट्रेंटेपोहलिया, म्हणजे हिरवं शैवाल. कॅरोटिनॉइडमुळे हिरवा रंग झाकला जातो. रंगावरून गट सांगून टाकणाऱ्याची व्हायवात फजिती होते ती इथे.

सड्यांवरची, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळी पठारांवरची, डबकी तर सोडूच नका. पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी आणि पोषकद्रव्यं कमी असली की डेस्मिड (बहुतेक एकपेशीय हिरवी शैवालं) खुलतात: कॉस्मेरियम, क्लोस्टेरियम, स्टॉरास्ट्रम. सांडपाणी मिसळलेल्या शहरी तलावात ऑसिलेटोरिया, युग्लिना वरचढ होतात. पामरने 1969 मध्ये प्रदूषण सहन करणाऱ्या शैवालांचा निर्देशांक मांडला, तो याच निरीक्षणावर.

त्यामुळे एका ओढ्याची एक बाटली, असं चालत नाही. दगड, मॉस, कातळ, डबकं, प्रत्येकाची बाटली वेगळी, आणि लेबलवर पेन्सिलीने जागा, आधार (शैवाल कशावर होतं ते), तापमान, पीएच. शाई ओलाव्याने पसरते. दगडावरचा थर काढायला साधा टूथब्रश पुरतो, मात्र प्रत्येक जागेला नवा. एका ब्रशने दोन ओढे केलेत तर डायटमची यादी विसरा.

जुलैतल्या लोंढ्यात ओढे घासून निघतात, तेव्हा कातळ आणि सड्यावरची डबकी बघा. ओढ्यांसाठी पाऊस ओसरल्यानंतरचे, थंडीचे महिने चांगले.

आता लोकल. कसाऱ्याहून सीएसएमटीला यायला अडीच तासांच्या आसपास जातात, आणि फॉर्मॅलिन घातलेल्या सॅम्पलचा रंग उतरत जातो. म्हणून प्रत्येक सॅम्पलचे दोन भाग करायचे. एकात लुगोल आयोडीन किंवा चार टक्के फॉर्मॅलिन. दुसरा जिवंत, अर्धीच भरलेली बाटली, झाकण सैल, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत उभी. गर्दीच्या वेळेची गाडी टाळा. जिवंत भाग त्याच संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली गेला पाहिजे. हरितलवकाचा आकार, कशाभिकांची (पोहायच्या शेपट्यांची) हालचाल, ऑसिलेटोरियाचं सरकणं हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही. माझ्या मते कॉलेजची लॅब किती वाजता बंद होते हे विचारूनच ट्रिपचा दिवस ठरवावा. गाईडचा मूड त्यानंतर.

ओळख पटवताना घाई नको. स्पायरोगायराची जात ठरवायला संयुग्मन झालेले, म्हणजे लैंगिक प्रजननासाठी जुळलेले, तंतू आणि त्यातून बनणारे युग्मबीजाणू लागतात. डबकी आटत आली की ते मिळण्याची शक्यता जास्त, त्यामुळे त्याच जागी पुन्हा जावं लागतं. नाही मिळाले तर प्रजातीवर (जीनसवर) थांबा. अंदाजाने जात लिहिणारे प्रबंध मला तरी बघवत नाहीत. नील-हरितांसाठी देसिकाचारींचा 1959 चा ग्रंथ अजून टेबलावर असतो, पण त्यातली बरीच नावं बदलली आहेत, तेव्हा अल्जीबेस या शैवालांच्या ऑनलाइन नावसूचीवर पडताळा घ्या. डायटमसाठी आधी नायट्रिक आम्ल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जाळायचा, फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात). मग आम्ल जाईपर्यंत पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचं आणि नॅफ्रॅक्स या डायटमसाठीच्या माउंटिंग द्रव्यात स्लाइड करायची. नेहमीच्या डीपीएक्स माउंटिंग द्रव्यात सिलिकाच्या कवचावरच्या रेघा फिक्या दिसतात आणि मोजताना डोळे जातात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर बरंच काम झालं आहे. शंका असतील तर चांगल्या फोटोंसह तिथे लिहा.

नोकरीचं म्हणाल तर जागा थोड्या आहेत. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, पर्यावरण सल्लागार कंपन्या, आणि नेट परीक्षा पास झालात तर शिकवणं. न्यायवैद्यकात बुडून मृत्यू झाल्याच्या संशयात अस्थिमज्जेतले डायटम बघतात, पण या चाचणीच्या विश्वासार्हतेवर वाद आहेत. तेवढ्याच भरवशावर करिअर बेतू नये.

राहिली परवानगी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं काहीही, अगदी कान्हेरीच्या टाक्यातलं चमचाभर पाणीसुद्धा, लेखी परवानगीशिवाय उचलू नका. उद्यानासाठी अर्ज वनविभागाकडे, कॉलेजच्या पत्रासह. कान्हेरी पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीतही येते, तेव्हा तिथे वेगळं विचारा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यात सॅम्पल हवं असेल तर अर्ज हिवाळ्यातच टाकून ठेवा.